उंबऱ्यापलीकडचं ताट

विहीणबाई परसात चुलीपुढे आडव्या पडल्या होत्या आणि मी त्यांच्या तोंडात चमच्याने दूध घालत होते. दात उघडत नव्हते. दूध ओठांवरून हनुवटीवर येत होतं आणि गळ्याच्या सुरकुत्यांत जात होतं. दुपारची वेळ, वैशाखाचं ऊन. चूल विझलेली, तवा पालथा. आधी मला वाटलं दातखीळ बसली. मग मी त्यांचं नाक दाबलं, तशी त्यांनी मान फिरवली. म्हणजे शुद्ध होती. तोंड त्यांनीच मिटलं होतं. दूध आमच्या गाईचं होतं, आणि आमची गाय म्हणजे त्यांच्या लेकीच्या घरची गाय.

त्यांची लेक, माझी सून मनीषा, मागच्या दारात उभी होती. तिला आठवा महिना सरत आलेला, खाली वाकता येत नव्हतं. "आई, पी ना गं," एवढंच ती म्हणत होती. माझा मुलगा संतोष आतल्या खोलीत एकटा, हातावर शाईचा शिक्का, दाराला बाहेरून कडी. काय झालं, काय झालं, म्हणून खिडकीतून विचारत होता. पुढच्या फाटकाला पत्रा ठोकलेला. हाक मारली तरी येणारं कोणी नव्हतं. घरात दोन बादल्या दूध भरून पडलं होतं, कारण शिक्क्याच्या घरचं दूध डेअरीवाला घेत नव्हता. दोन बादल्या दूध आणि परसात बाई उपाशी पडलेली.

ही बाई कोण ते आता सांगते.

ठकूबाई त्यांचं नाव. गाव राजूरच्या वरच्या अंगाला, डोंगरात. नवरा लवकर गेला. दोन मुली, थोरली लता संगमनेरकडे दिलेली, धाकटी मनीषा आमच्याकडे. आमची वस्ती देवळाली प्रवराच्या पुढे, उसाच्या मळ्यांत. घराच्या मागून पाटाची चारी जाते, पुढे रस्ता, बाकी चारी बाजूंनी ऊस. ठकूबाई अंगाने काटकुळ्या, बुटक्या, पण पाय असे की चालायला लागल्या की मागे राहिलेल्याला धावावं लागे. बोलणं थोडं. हसताना तोंडावर पदर घ्यायच्या, कारण पुढचा एक दात नव्हता.

आपल्याकडे पद्धत होती, की लेकीला मूल होईपर्यंत आईबापांनी तिच्या सासरी जेवायचं नाही. आता कोणी पाळत नाही. पाळणारेसुद्धा चहा चालतो म्हणतात. ठकूबाई चहा सोडा, आमच्या माठातलं पाणी घेत नव्हत्या. लग्नानंतर दोन वर्षांत त्या चारपाचदा आल्या. सकाळच्या एसटीने यायच्या, लेकीजवळ बसायच्या, दुपारी फाटकाबाहेर जाऊन लिंबाखाली फडकं सोडून आपली भाकरी खायच्या आणि संध्याकाळच्या एसटीने परत. पहिल्यांदा मला राग आला. आमच्या घरात काय विष शिजतं का, असं मी मनीषाला ऐकवलं. नंतर सवय झाली.

त्या वर्षी मनीषाला सातवा लागला आणि ठकूबाई तिला पहिल्या बाळंतपणाला माहेरी न्यायला आल्या. येताना आम्हाला देण्यासाठी एक गोणी आणलेली. तिच्यात डोंगरातला तांदूळ, नाचणी, वरई आणि खुरासणीच्या चटणीची एक पिशवी. संध्याकाळ झाली होती, म्हणून गोणी ओट्यावरच ठेवली. सकाळी कुंकू लावून आत घ्यायची, ओटी भरायची आणि मायलेकींनी निघायचं, असं ठरलं. त्याच रात्री टीव्हीवर सांगितलं, साथीमुळे सगळं बंद. गाड्या बंद, रस्ते बंद, जो जिथे आहे त्याने तिथेच राहायचं.

सकाळी मी गोणीला हात घातला, तर ठकूबाई तिच्यावर बसल्या होत्या.

"ऱ्हाऊ द्या इहीनबाई. अजून उंबरा वलांडला न्हाई. अजून माझीच हाय."

मी म्हटलं, दिलेलं परत घेता काय. त्या म्हणाल्या, दिलंच कुठं, कुंकू कुठं लावलं. मला हसू आलं. दोनचार दिवसांचा प्रश्न आहे असं तेव्हा सगळ्यांनाच वाटत होतं.

त्यांनी परसात तीन दगड मांडले. तवा, पातेलं आणि ताट शेजारच्या वस्तीवरून मागून आणलं, आमचं नको. पाणी पाटाचं. ते उकळून, पदराने गाळून घ्यायच्या. पाट सरकारचा, घरचा नव्हे, हा त्यांचा हिशेब. सरपण मात्र आमच्या तुरीच्या काड्यांचं. मी मुद्दाम विचारलं, हे कसं चाललं. "जळतं ते पोटात जात न्हाई," म्हणाल्या. झोपायच्या ओट्यावर. घरात यायच्या, लेकीचे पाय चेपायच्या, पण स्वयंपाकघराचा उंबरा ओलांडत नव्हत्या.

माणूस घरात अडकलं की दुसरं करायला काही उरत नाही, शिजवायचं आणि खायचं. संतोषचा टेम्पो दारात उभा, त्याच्यावर धूळ. देऊळ बंद, बाजार बंद. सकाळी उठलं की आज काय करायचं, हाच एक विषय. आणि त्या विषयात ठकूबाई माझ्या दहा हात पुढे होत्या हे मला कबूल करावं लागेल. नाचणीची भाकरी त्या परातीत थापत नसत. दोन तळहातांवर पाण्याने फिरवत आणि तव्यावर अलगद सोडत. काठ कुठे फुटलेला नसे. वरईचा भात त्या असा करायच्या की दाणा दाण्याला चिकटत नव्हता. मी चाळीस वर्षं स्वयंपाक केला, माझी वरई आजही लगदाच होते.

मागचं दार त्यांच्या चुलीसमोर उघडतं. पहिले काही दिवस त्या आमच्याकडे पाठ करून जेवल्या. मग एक दिवस मनीषा ताट घेऊन उंबऱ्याच्या आतल्या अंगाला बसली. तिचं बघून मीही बसले. ठकूबाईंनी थोडा वेळ तशीच पाठ ठेवली, मग वळल्या. तेव्हापासून दोन्ही वेळा तसंच. आम्ही उंबऱ्याच्या आत, त्या बाहेर, मध्ये हातभर लाकूड. संतोष म्हणायचा, बॉर्डर आहे, पासपोर्ट दाखवा.

त्या बॉर्डरवरून माल एकाच बाजूला जात होता. त्यांचं आम्हाला चालायचं, आमचं त्यांना नाही. खुरासणीची चटणी आत यायची, वरई यायची, गरम भाकरीचा चतकोर यायचा. माझं काही बाहेर जात नव्हतं. रोज घ्यायचं आणि द्यायचं काहीच नाही, याची मला चीड यायला लागली. मग मी बोलण्यातून काढायची. एकदा म्हटलं, विहीणबाई, तुमच्या चटणीत मीठ जास्त झालंय. त्यांनी माझ्या आमटीच्या पातेल्याकडे नाक वळवलं, वास घेतला आणि म्हणाल्या, "तुमच्यात लई कमी झालंय. वाफंतच कळतंय."

मी चाखून बघितली. मीठ घालायलाच विसरले होते. मनीषा इतकी हसली की तिला पोट धरून बसावं लागलं.

पुढे त्यांनी रोजचंच केलं. चव घेतल्याशिवाय, बाहेर बसून, माझ्या फोडणीला नावं ठेवायची. लसूण करपला. भाकरी आज एका अंगाने कच्ची आहे, थापताना आवाज बसका होता. मी चिडायची, पण भाकरी मोडून बघायची. बहुतेक वेळा त्यांचं खरं असायचं.

एका दुपारी आम्ही दोघी चिंचा फोडत होतो. मनीषा झोपली होती. मी सरळ विचारलं, हे काय घेऊन बसलात तुम्ही, जग कुठं गेलं. त्या चिंचोके काढत राहिल्या. मग सांगितलं. लताचं पहिलं मूल पोटात असताना त्या तिच्याकडे गेल्या होत्या. पावसाने गाडी चुकली. दिवसभर पोटात काही नव्हतं. लताने दुधात कुस्करून अर्धी भाकरी दिली आणि त्यांनी खाल्ली. पंधरा दिवसांनी लताला मेलेलं मूल झालं.

"कोण काय बोललं न्हाई," त्या म्हणाल्या. "लताबी न्हाई बोलली. पन खाल्ली तर मीच ना."

त्याला नऊ वर्षं झाली होती. लताला पुढे दोन मुलगे झाले. रिवाजाने आता तिथे जेवायला काही हरकत नव्हती. पण ठकूबाई नऊ वर्षांत तिच्या दारात गेल्या नव्हत्या. नातवांना लताच वर्षातून एकदा राजूरला आणून दाखवायची.

मी असल्या गोष्टींवर विश्वास ठेवत नाही. मूल अडून मरतं, नाळ गळ्याला बसून मरतं, आईच्या अंगात रक्त नसलं की मरतं. मी त्यांना तसं म्हटलंही. त्या म्हणाल्या, "आसंल." आणि चिंचा फोडत राहिल्या. त्यानंतर मी त्यांना चहा घ्या असंही म्हटलं नाही.

महिना गेला. गोणी खाली बसत चालली. शेजारच्या वस्तीवरून त्या ज्वारीचं पीठ आणायच्या, बदल्यात त्यांच्या गोवऱ्या थापून द्यायच्या, म्हणून भागत होतं. आणि त्याच वेळी संतोषला कांदा घेऊन वाशीला जायला परवाना मिळाला. टेम्पो किती दिवस उभा ठेवणार. गेला. परत आला तर गावच्या नाक्यावर त्याच्या हातावर शिक्का मारला, चौदा दिवस घरात. दुसऱ्या दिवशी त्याला ताप भरला. त्याच संध्याकाळी वस्तीवरची मंडळी आली आणि आमच्या फाटकाला पत्रा ठोकून गेली. ठोकणाऱ्यांत ज्यांच्याकडून पीठ यायचं तेही होते. सरकारी डॉक्टर पत्र्याच्या पलीकडून बोलून गेला, गोळ्या आत टाकल्या, श्वास लागला तर फोन करा म्हणाला.

ते चौदा दिवस मला अजून आवडत नाहीत आठवायला. पत्रा उन्हाने तापायचा आणि त्याची धग ओट्यापर्यंत यायची. रस्त्याने जाणारी माणसं आमच्या घरासमोर आली की तोंडाला रुमाल लावून पलीकडच्या कडेने जायची. चाळीस वर्षांची ओळख असलेली माणसं. संतोषचं ताट मी दाराच्या फटीतून काठीने सरकवायची. तो खोकला की घरात सगळे गप्प. मनीषा पोटावर हात ठेवून त्या दाराकडे बघत बसायची. घराच्या बाहेर जाता येत नाही आणि घरातही एका खोलीतून दुसऱ्या खोलीत जायची भीती, अशी कोंडी मी कधी बघितली नव्हती. माझी सासू खाष्ट होती, पण तिच्या राज्यातही मला विहिरीवर तरी जाता येत होतं.

दूध साठायला लागलं. दही लावलं, ताक केलं, खवा आटवला. मनीषाला वासाने मळमळायला लागलं. शेवटी गाईचं दूध गाईच्याच घमेल्यात ओतलं.

आणि परसात ठकूबाई रोज सकाळी नाचणीची आंबील करत होत्या. मोठा वाडगा भरून उंबऱ्यावरून आत द्यायच्या, मनीषासाठी. थोडी संतोषसाठी. डोंगरात तापाच्या माणसाला आंबीलच देतात. संध्याकाळी आम्ही जेवायला बसलो की त्याही ताट घेऊन समोर बसायच्या, बोलायच्या, माझ्या फोडणीला नावं ठेवायच्या. त्यांच्या ताटावर फडकं असायचं. माशा फार झाल्यात म्हणायच्या. मी कधी त्या फडक्याखाली बघितलं नाही. मी स्वतःला चलाख समजते, पण शेजारी बसलेल्या बाईचं ताट रिकामं आहे हे मला चार दिवस कळलं नाही.

त्या पडल्या तेव्हा ते फडकं बाजूला झालं. ताट कोरडं होतं. ओट्यावरची गोणी मी झटकली, तर तळाला मूठभर कोंडा. शेवटची नाचणी त्या लेकीला पाजत होत्या, आणि आत सरकवायला काही उरलं नाही तेव्हा त्या आडव्या झाल्या.

आता त्या दुपारकडे परत येते. मी चमचा खाली ठेवला. समजावून उपयोग नव्हता. तसं मी चिंचा फोडताना समजावून बघितलं होतं. मी त्यांच्या कानाशी तोंड नेलं आणि म्हटलं, "विहीणबाई, माझ्या भावाने भाऊबीजेला बाजरी दिलीय. वेगळ्या डब्यात आहे. या घरात मिसळलेली नाही. माझ्या माहेरची आहे. तिची पेज करते. ती तर चालेल?"

त्यांनी डोळे उघडले. 

"भावाची?"

"भावाची."

"पोटातल्याची शपथ घ्या."

मी मनीषाकडे बघितलं नाही. भावाने बाजरी दिली होती हे खरं. पण ती आम्ही संक्रांतीच्या आधीच दळून खाल्ली होती. डबा मनीषानेच घासून उन्हात वाळत घातला होता. घरात होती ती आमच्या शेतातली बाजरी. एकच बाजरी.

"घेतली," मी म्हटलं.

मनीषा दारात तशीच उभी होती. शपथ तिच्या पोटातल्या मुलाची होती आणि ती खोटी आहे हे तिला माहीत होतं. ती वळून आत गेली आणि चूल पेटवल्याचा आवाज आला. म्हणजे गॅस होता, पण तिने आतली जुनी चूल पेटवली. पेज तिनेच केली. मीठ घालून पातळ. मी ती बाहेर नेली, त्यांच्याच पातेल्यात ओतली आणि त्यांच्याच वाटीने पाजली. ठकूबाई पाच वाट्या प्यायल्या. सहावी पिताना म्हणाल्या, "तुमच्या माहेरची बाजरी बरी हाय. तुमच्या घरची लई कोरडी लागते."

घरची त्यांनी कधी चाखलीच नव्हती. मी हो म्हटलं.

त्यानंतर रोज खोटं. डब्यावर मी मुद्दाम भावाचं नाव खडूने लिहिलं. दूध कुठून, तर पाटापलीकडच्या वस्तीवरून कोणीतरी रात्री ठेवून जातं. गूळ भावाचा, डाळ भावाची. माझ्या भावाचा एवढा मोठा कारभार आयुष्यात कधी नव्हता. एकदा खोटं बोललं की थांबता येत नाही. मी थांबले असते तर त्या पुन्हा तोंड मिटून पडल्या असत्या. सांगितलं असतं तर काय केलं असतं ते देव जाणे. मनीषा आणि मी या विषयावर एकमेकींशी अवाक्षर बोललो नाही. ती फक्त रोज झोपताना पोटाला तेल लावताना विचारायची, "आत्या, आज हलतंय ना?" मी हात ठेवायची. हलत असायचं. मी शपथ मानत नाही. पण रात्री उठून मी दोनदोनदा तिच्या पोटावर हात ठेवून यायची, हेही खरं.

संतोषचा ताप आठव्या दिवशी उतरला. चौदा दिवस झाले. पत्रा काढायला कोणी आलं नाही, तो संतोषनेच पहारीने काढला. तरी राजूरचा रस्ता बंदच होता. ठकूबाई तशाच परसात, आम्ही तसेच उंबऱ्याच्या आत. अंगावर थोडं मांस आलं त्यांच्या. पुन्हा माझ्या आमटीचा वास घ्यायला लागल्या.

नववा भरला आणि पहाटे मनीषाला कळा सुरू झाल्या. फोन केल्यावर रुग्णवाहिका आली. सोबत एकच बाई चालेल म्हणाले. मी ठकूबाईंना पुढे केलं. त्या चढताना वळून मला म्हणाल्या, "बरं झालं इहीनबाई, तुमच्या भावानं बाजरी दिली. न्हाईतर माझ्यानं पुन्हा पाप झालं असतं."

गाडी गेली. संतोष मोटारसायकलवर मागे गेला. घरात मी एकटी.

तो दिवस मी कसा काढला ते लिहिण्यासारखं नाही. काही केलं नाही. चूल पेटवली नाही. गाईला सोडायचं विसरले. उंबऱ्यावर बसून त्यांच्या तीन दगडांकडे बघत होते. मूल मेलं तर त्या शपथेचं कोणाला कळणार नव्हतं, पण मला कळणार होतं आणि मनीषाला. आणि ठकूबाई पुन्हा नऊ वर्षं कोणाच्या दारात गेल्या नसत्या, आणि या वेळी त्यांना कारणही सापडलं नसतं. ऊन परसातून ओट्यावर आलं, ओट्यावरून फाटकावर गेलं. फोन माझ्या मांडीवर होता. चार वाजता वाजला.

संतोष म्हणाला, मुलगी झाली. मी विचारलं, रडली का. तो म्हणाला, अजून रडतीय, ऐक. मी ऐकलं. मग उठून गाईला पाणी दाखवलं.

त्यांना घरी आणलं त्याच्या दुसऱ्या दिवशी पाचवीची पूजा होती. बायका बोलवायच्या नव्हत्या, आम्ही तिघीच. मी भात, आमटी, गुळाची लापशी केली. पानं मांडली. ठकूबाईंनी हातपाय धुतले, नवं लुगडं नेसल्या, मागच्या दाराशी आल्या आणि उंबऱ्यावर जरा थांबल्या. मग आत आल्या. तीन महिन्यांत पहिल्यांदा त्यांनी माझं स्वयंपाकघर आतून बघितलं. मांडणीवरून नजर फिरवली आणि खाली बसल्या.

"आज पयल्यांदा लेकीच्या घरचं खाते," म्हणाल्या आणि लापशीचा घास उचलला.

गप्प बसता आलं असतं. मनीषा माझ्याकडे डोळे मोठे करून बघत होती, की बसा गप्प. पण मला पोटात ठेवता येत नाही, माझा स्वभावच नाही तो. मी म्हटलं, "पहिल्यांदा नाही. पेजेपासून तुम्ही आमचंच खाताय. भावाची बाजरी पौषातच संपली होती. शपथ मी खोटी घेतली."

घास हातातच राहिला. मनीषाने बाळाला छातीशी घट्ट धरलं. मला वाटलं ताट भिरकावतील. भिरकावलं असतं तर मी काही बोलले नसते.

"किती दिस?" त्यांनी विचारलं.

"सव्वा महिना झाला असेल."

"दोन्ही येळा?"

"दोन्ही वेळा. आणि दूध."

त्या बाळाकडे बघत राहिल्या. पोर झोपलेलं, तोंड उघडं, ओठाला दूध लागलेलं. मग बोलल्या, पण आमच्याशी नाही.

"मंग लताचं पोर माझ्या खान्यानं गेलं न्हाई."

मी म्हटलं, मी तेच तुम्हाला चिंचा फोडताना सांगत होते. त्यांनी माझं ऐकलं की नाही कोण जाणे. हातातला घास तोंडात घातला, चावला आणि पदर तोंडावर घेतला. हसत नव्हत्या. खांदे हलत होते. मनीषा उठायला लागली, मी तिला खुणेने बसवलं. रडू द्यावं माणसाला, मध्ये बोलू नये. थोड्या वेळाने पदर खाली घेतला, पान पुसून खाल्लं, लापशी पुन्हा मागून घेतली आणि म्हणाल्या, "गूळ कमी हाय."

गूळ खरंच कमी होता. घरात तेवढाच होता.

माझ्या खोट्या शपथेबद्दल त्या एकदाच बोलल्या, दोन दिवसांनी, बाळाला शेक देताना. म्हणाल्या, तुम्ही माणूस लई वंगाळ हाय इहीनबाई. मी म्हटलं, आहे.

पुढे रस्ते सुटले. मनीषा ओली बाळंतीण, ती आमच्याकडेच राहणार होती. ठकूबाई निघाल्या. पेरणीचे दिवस, डोंगरातलं शेत वाट बघत होतं. संतोष त्यांना टेम्पोने सोडणार होता. मी पहाटे उठून चार भाकऱ्या केल्या, चटणी घातली आणि त्यांच्या त्याच फडक्यात बांधायला घेतल्या, ज्याच्यातली भाकरी त्या फाटकाबाहेर लिंबाखाली बसून खायच्या. त्यांनी ते फडकं माझ्या हातातून काढून घेतलं.

"नगा बांधू. संगमनेरवरनं जाऊ. लताकडं जेवीन."

भाकऱ्या माझ्या हातात राहिल्या. त्या टेम्पोत पुढे बसल्या, फडकं झटकून चौपदरी केलं आणि मांडीवर ठेवलं. हात वगैरे केला नाही. टेम्पो वळला तेव्हा त्या समोर रस्त्याकडे बघत होत्या, ते रिकामं फडकं दोन्ही हातांनी धरून. त्यानंतर मी त्यांना पाहिलं नाही. माझे गुडघे गेले, डोंगर चढवत नाही, आणि त्यांना शेत सोडवलं नाही. दोन वर्षांनी पावसाळ्यात त्या आपल्या घरी, आपल्या अंथरुणावर वारल्या. लता जवळ होती.

तीन दगड परसात तसेच आहेत. नात त्यांच्यावर मातीच्या भाकऱ्या भाजते.

पत्र्याच्या आत आम्ही चौघं होतो, मी, संतोष, मनीषा आणि ठकूबाई. चौघंही वाचलो. पोटातली मुलगी, जिची मी खोटी शपथ घेतली, तीही वाचली.